सतरा नंबरचे शेअर

माझी शाळा चौथीत सुटली. पण ओतकामाची काळी वाळू मुठीत दाबून तिच्यात पाणी कमी आहे की जास्त, हे मी आजही डोळे मिटून सांगीन. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं शेअरबाजाराचं येणार आहे आणि वाचणारे म्हणतील, या म्हाताऱ्याला त्यातलं काय कळतं. मलाही तसंच वाटायचं. ज्यांना कळतं त्यांनाही फारसं कळत नाही, हे मला उशिरा समजलं.

अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "काका, तुमच्या कामाबद्दल लिहा." कामाबद्दलच लिहितो. शेअर त्यातच येतात.

मी मोल्डर. हैदराबादला बालानगरकडच्या एका कंपनीत अडतीस वर्षं वाळूत गुडघे टेकून काम केलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. कारण पुढं कळेल. आमचा माल म्हणजे पाण्याच्या पंपाचं केसिंग. पंपाच्या आत चाक फिरतं, त्याच्याभोवती गोगलगायीसारखं लोखंडी अंग असतं ना, ते.

लोकांना वाटतं लोखंड वितळवलं, ओतलं, झालं. तसं नसतं. आधी लाकडाचा फर्मा, म्हणजे केसिंगचा हुबेहूब नमुना. तो पेटीत ठेवायचा, भोवती वाळू भरायची आणि ठोकायची. जास्त ठोकली तर वाफेला वाट राहत नाही, कमी ठोकली तर भिंत ढासळते. मग फर्मा असा उचलायचा की वाळूचा एक कण हलू नये. आत जी पोकळी राहते तिच्यात लोखंडाचा रस ओतायचा. पंप आतून पोकळ हवा, म्हणून मधे वाळूचाच भाजलेला गाभा बसवायचा. त्याला आम्ही कोअर म्हणायचो आणि तो करायचा करीमभाई, याकुतपुऱ्याचा. तो नसता तर माझे सगळे पंप आतून भरीव निघाले असते, असं तो स्वतःच सांगतो.

ओतताना वाफ अडकली की लोखंडात भोक पडतं. कधी वर दिसतं, कधी पातळ सालीखाली लपून बसतं. आमचा जन्म त्या भोकाशी भांडण्यात गेला.

प्रत्येक मोल्डरला नंबर असायचा. शिशाचा छोटा आकडा फर्म्याला चिकटवायचा, म्हणजे तो लोखंडावर उठून यायचा. माझा नंबर सतरा. तेलंगणातल्या कितीतरी विहिरींवर माझा सतरा पाण्यात भिजत बसलेला आहे. करीमभाई मला अजून नावानं हाक मारत नाही, "क्या सतरा नंबर" असंच म्हणतो.

नोकरीत असतानाच आमची कंपनी बाजारात उतरली. कामगारांसाठी थोडे शेअर राखून ठेवले होते. तशी नोटीस लागली. तिच्यातलं इंग्रजी करीमभाईच्या मेहुण्यानं आम्हाला वाचून दाखवलं. त्याच सुमाराला उप्पलला प्लॉट निघाले होते. आमच्यातला मल्लेशम म्हणाला, दोघं शेजारी शेजारी घेऊ. माझ्याजवळ पैसे एकाच गोष्टीपुरते होते. मी शेअर घेतले, जेवढे देतील तेवढे. मल्लेशमनं दगड आणि बाभळी घेतल्या. मी त्याला हसलो.

आता तिथं मल्लेशमचं तीन मजली घर आहे, खाली औषधाचं दुकान. माझी बायको वत्सला या गोष्टीवर मला कधी एक शब्द बोलली नाही. फक्त बस उप्पलवरून गेली की खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "मल्लेशमचं आंब्याचं झाड मोठं झालं हो."

मी शेअर का घेतले, याचं उत्तर सरळ आहे. जमीन कुणाचीही असते. कंपनी माझी होती.

आणि बरीच वर्षं मी चुकलो नव्हतो. शेअर वाढले. एकाचे दोन झाले. मी रिटायर झालो, वाढतच राहिले. मुलगा सतीश शिकला, कॉम्प्युटरमध्ये लागला, कोंडापूरला फ्लॅट घेतला. आम्ही दोघं बरकतपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. मी म्हणायचो, आपलं घर ट्रंकेत आहे. खरंच ट्रंकेत होतं, कागदाचं. पुढं ते कागद सतीशनं कोठीच्या दलालाकडे नेऊन कॉम्प्युटरवर चढवले आणि ट्रंकेत नुसती डांबराची गोळी राहिली.

मग भाव पडायला लागला. धाडकन नाही, छत गळतं तसा. आज थोडा, उद्या थोडा. दोन वर्षांत तीन भागांतला एक भाग राहिला. त्यातच आमच्या घरमालकाच्या मुलांनी जागा बिल्डरला द्यायचं ठरवलं आणि आम्हाला खाली करायला सांगितलं.

आता जायचं कुठं? सतीश म्हणे कोंडापूरला या. तिथं चौदाव्या मजल्यावर वत्सला एकदा महिनाभर राहिली होती. परत आल्यावर म्हणाली, "भाजीवाला फोनात येतो हो तिथं." तिला बरकतपुरा सोडायचा नव्हता. तिचा दवाखाना, तिची देवळातली मंडळी, सुलतान बाजारातला तिचा ब्लाउजवाला, सगळं इथं. शेजारच्या गल्लीत एक मास्तरीणबाई राहायच्या. त्या पुण्याला लेकीकडे जायला निघाल्या होत्या. त्यांची तळमजल्यावरची एक खोली, स्वयंपाकघर आणि मागं नळ, एवढं त्या विकणार होत्या. मला म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत थांबते. त्यापुढं नाही." माझ्या फंडाचे थोडे होते. त्यात शेअर विकून घातले तर ती जागा येत होती, जेमतेम. शेअर आणखी पडले तर तीही येत नव्हती. आणि चढले तर त्याच गल्लीत दोन खोल्या, बाल्कनी.

सतीश रोज संध्याकाळी भाव सांगायला फोन करायचा. फोन ठेवला की वत्सला स्वयंपाकघरातून विचारायची, "आज काय गेलं? बाल्कनी का?"

"बाल्कनी परवाच गेली."

"मग आज?"

"दुसऱ्या खोलीची खिडकी."

"नळ तेवढा ठेवा म्हणावं."

एका रविवारी सतीश मोबाईल घेऊन माझ्याजवळ बसला. पडद्यावर एक रेघ डोंगर उतरत होती.

"बाबा, हे बघा. ही तुमची कंपनी."

"ही रेघ आहे."

"ही रेघच कंपनी आहे, बाबा. विकून टाका. लॉस बुक करा आणि मोकळे व्हा."

"त्या कंपनीनं तुझी फी भरली."

"तुम्ही भरली. कंपनीनं पगार दिला, आणि तुम्ही त्याच्यापेक्षा जास्त काम केलं. हिशेब तेव्हाच मिटला."

बरोबर बोलत होता, म्हणून मला राग आला. मी म्हणालो, मी विकणार नाही. रेघ बघून मी कधी केसिंग पास केलेलं नाही आणि नापासही केलेलं नाही. तो म्हणाला, "मग काय बघून ठरवणार?" मी पाणी मागितलं.

दलालाकडे गेलो. कोठीला चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर त्याचं ऑफिस. तो पोरगा उलटंच बोलला. "अंकल, अब्बी नक्को बेचो. अच्छा शेअर है, लाँग टर्म रखो."

मी म्हणालो, "मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. लाँग टर्म झालं माझं."

तो हसला, पण विकू नका हेच म्हणत राहिला. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. त्याच्याकडेही रेघच होती, फक्त पडदा मोठा.

असे दिवस चालले. खरं लिहायचं तर मी विचार करतच नव्हतो, मी हट्ट करत होतो. मला वाटायचं, विकले तर सतरा नंबर खोटा ठरला. भाव पडला की मला माझीच किंमत पडल्यासारखी वाटायची. शेवटी करीमभाई घरी आला, बायकोच्या हातचा खुबानीचा मीठा घेऊन. त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सतरा नंबर, तुम मोल्डर थे कि आशिक? हाशम उस्ताद क्या बोलते थे, भूल गए? ढेर देखे क्या जाको?"

ढेर, म्हणजे ढीग. हे मला सुचायला हवं होतं.

हाशम उस्ताद आमचे गुरू. त्यांनी मला वाळू शिकवली, आणि दोनदा पाठीत ठोकणी मारली, ती वेगळी. त्यांच्या वेळी खराब निघालेला माल गेटच्या आत कडुलिंबाखाली उघड्यावर टाकायचा नियम होता. मोठा ढीग व्हायचा. येणाराजाणारा बघायचा. आणि शनिवारी सुट्टीच्या आधी तो ढीग फोडायचा. ज्याचा नंबर त्यानं आपल्या हातानं घण मारायचा, सगळ्यांसमोर. फुटलं की उस्ताद वाकून आत बघायचे. भोक कुठं, वाळू ओली होती की कोअर कच्चा, रस थंड होता की काय. मग तो तुकडा परत भट्टीत. त्या फोडण्याची लाज वाटायची, पण सोमवारी तीच चूक होत नसे. नवा माणूस दुसऱ्या कारखान्यात नोकरी बघायला निघाला की उस्ताद म्हणायचे, ऑफिस नका बघू, पगार मागनं विचारा, आधी जाऊन ढीग बघा. ढीग लपवणाऱ्याकडे काम करू नका.

आणि मी स्वतः एकदा ढीग लपवला होता. हे वत्सलाला माहीत आहे, करीमभाईला माहीत आहे. आता तुम्हालाही.

उस्ताद तापानं घरी पडले होते. महिनाअखेर, मोठी ऑर्डर, साहेबाची ओरड. माझ्या एका केसिंगला बगलेत भोक निघालं, बोट जाईल एवढं. टाकलं तर ऑर्डर एकानं कमी. मी त्यात लांबी भरली. भिंतीला रंगाआधी लावतात तसलीच, हैदराबादेत लप्पम म्हणतात. लोखंडाचा चुरा मिसळला, घासली, वर रंग मारला. पाण्याच्या दाबावर ठेवलं, थेंब नाही आला. लांबी काही दिवस धरते. मग सोडते.

दोनेक महिन्यांनी एक माणूस गेटवर आला. नलगोंड्याकडचा, लिंबाच्या बागेचा मालक, पांढरं धोतर, कपाळावर आठी. बसच्या टपावरून ते केसिंग पोत्यात घालून आणलं होतं. ऑफिसवाले बाहेर आले, नवीन देतो म्हणाले. तो नको म्हणाला. पैसे परत देतो म्हणाले. तेही नको. कडुलिंबाखाली पोतं समोर ठेवून बसला आणि शिफ्ट सुटली की प्रत्येकाला तेलुगूत एकच विचारायचा, "पदिहेडु एवरु?" सतरा कोण?

कुणी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मीही सांगितलं नाही, मागच्या दारानं गेलो. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, मी सतरा.

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, हातांकडे बघितलं. दोन्ही हात उलटे करून बघितले. मग म्हणाला, "हात चांगले आहेत. मग असं का केलंस?"

मला आजपर्यंत इतकं कुणी मारलेलं नाही.

मी सगळ्यांसमोर ते केसिंग फोडलं. शिफ्ट संपल्यावर, पगार न घेता, त्याला दुसरं करून दिलं. करीमभाईनं कोअर दिला, तोही फुकट. माल थंड झाल्यावर त्या माणसानं कमरेची किल्ली काढली आणि सगळ्या अंगावरून ओरखडत नेली. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "लोखंडावर किल्ली घसरते. लप्पममध्ये रुतते. मोटारीच्या खोलीची किल्ली आहे, तिनंच तुला पकडलं." मग केसिंग उचललं आणि गेला. त्या उन्हाळ्यात त्यानं गेटवर लिंबांचं एक पोतं पाठवलं. वर चिठ्ठी नव्हती, फक्त कोळशानं सतरा लिहिलेलं.

तर करीमभाईनं ढिगाची आठवण करून दिली आणि माझं ठरलं. भाव नाही, रेघ नाही. ढीग बघायचा. तो सांगेल तसं करायचं, मग मन काहीही म्हणो.

वत्सलानं पोळीभाजी बांधून दिली. मेट्रोनं गेलो, पुढं रिक्षा. गेट नवीन, कडुलिंब तोडलेला. गार्डनं विचारलं, "किससे मिलना?"

म्हणालो, "मालक आहे. शेअरहोल्डर."

तो हसला. "अंकल, ऐसे मालिक तो लाखों हैं. सब आ गए तो मैं कुर्सी कहाँ से लाऊँ?"

मी म्हणालो कुर्सी नको, आणि गेटसमोर फुटपाथवर बसलो. डबा उघडला, जेवलो. तो नलगोंड्याचा माणूस आठवला. आता पोतं नव्हतं, एवढाच फरक. दुपारी एक गाडी बाहेर निघाली आणि माझ्याजवळ थांबली. चाळिशीची बाई, कंपनीचा निळा कोट. ओतकाम विभागाच्या मॅनेजर. त्या तेलुगू, मला तातगारू म्हणाल्या, म्हणजे आजोबा. "तातगारू, उन्हात का बसलात?"

मी म्हणालो, मी इथं अडतीस वर्षं मोल्डर होतो, सतरा नंबर, मला एकदा आतून बघायचं आहे. त्यांनी गाडी मागं घेतली. मला हेल्मेट दिलं, चष्मा दिला, आणि स्वतः बरोबर आल्या.

आत सगळं बदललेलं. जमीन हिरवी, पुसलेली. वाळू मशीन भरतं, मशीन ठोकतं. गुडघे टेकणारं कुणी नाही, ते बघून बरं वाटलं. माझे गुडघे मला आठवले. भिंतीवर मोठी पाटी होती आणि तिच्यावर भलं मोठं शून्य. बाईंना विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, "खराब माल शून्य. सहा महिने झाले."

मी अडतीस वर्षं हे काम केलंय. हाशम उस्तादांनी पन्नास केलं असेल. शून्य खराब माल मी कधी पाहिलेला नाही. देव जरी वाळूत बसला तरी शंभरात दोनतीन भोकं काढील.

"ढीग कुठं आहे?" मी विचारलं.

"कसला ढीग?"

"खराब मालाचा."

मी चालत राहिलो. घासकामाच्या शेडमागं वळलो आणि मला वास आला. गोडसर, डोक्यात जाणारा. तो वास मी चाळीस वर्षांनंतरही विसरलो नव्हतो. निळी ताडपत्री, तिच्यामागं केसिंगांच्या रांगा, आणि दोन माणसं हातात पातळ पत्र्याच्या पट्ट्या घेऊन बसलेली. मी जवळच्या केसिंगाशी वाकलो. खिशातून किल्ली काढली, माझ्या बरकतपुऱ्याच्या घराची. ओढली. घसरली, घसरली, आणि बगलेत रुतली.

दुसऱ्यावर ओढली. रुतली.

तिसऱ्यावर ओढायची गरज नव्हती, पण ओढली. पट्टीवाला माणूस माझ्याकडे बघत होता. बाई माझ्या मागं उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "तातगारू, ती पाटी मी लावलेली नाही."

"मग काढली का नाही?"

"दोनदा लिहून दिलं. वरून सांगितलं, आकडा चांगला दिसायला हवा. भाव आधीच पडलाय."

मी त्यांना ताडपत्रीजवळ उभं राहूनच नलगोंड्याच्या माणसाची गोष्ट सांगितली. कमीजास्त न करता, माझं तोंड काळं झालं तेही. शेवटी म्हणालो, "कुणीतरी पोतं घेऊन येईल बाई. यावर नंबर नाही, म्हणून तो तुमचं नाव विचारील." त्यांनी माझा फोन नंबर मोबाईलमध्ये घेतला आणि मला गेटपर्यंत सोडलं.

परत येताना मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पाठ मोकळी झाली होती. इतके दिवस मला कळत नव्हतं की मी कशाला धरून बसलोय. सतरा नंबर त्या कंपनीत नव्हताच. तो विहिरींवर होता. ट्रंकेत जे होतं ते दुसऱ्याच कुणाचं होतं आणि त्याला लांबी लावलेली होती.

घरी आलो. वत्सलानं दारातच विचारलं, "काय गेलं आज?"

म्हणालो, "काही गेलं नाही. उद्या विकतोय."

तिनं चहात आलं जास्त टाकलं, तेवढ्यावरून मी समजलो.

दुसऱ्या दिवशी कोठीला गेलो. दलालाचा पोरगा म्हणाला, "अंकल, थोडा रुको, ऊपर आएगा."

"येईल. विका."

"पूरे?"

"एक सोडून."

"एक कायकू? नजर उतारने?"

"सवाल पूछने," मी म्हणालो. एक शेअर असला तरी सभेत बोलता येतं, हे मी शेअर निघाले तेव्हाच्या नोटिशीपासून लक्षात ठेवलं होतं.

दसऱ्याच्या चार दिवस आधी मास्तरीणबाईंनी किल्ली दिली. एक खोली, स्वयंपाकघर, मागं नळ. बाल्कनी नाही. दोन वर्षांपूर्वी विकले असते तर बाल्कनी मिळाली असती. ती माझ्या हट्टानं खाल्ली, हे मान्य करतो. वत्सला संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसते आणि तिला बाल्कनी म्हणते. येणाऱ्याला सांगते, "या ना, बाल्कनीत बसा." मी ऐकून घेतो.

गेल्या वर्षी कंपनीची सभा झाली, आता ती मोबाईलवर होते. सतीशनं जोडून दिली. मोठमोठे लोक नफ्याचं, तोट्याचं विचारत होते. माझी पाळी आली. मी म्हणालो, "मी एका शेअरचा मालक. माझा सवाल एकच. खराब मालाचा ढीग कुठं आहे?" अध्यक्षांना हिंदी कळली, सवाल कळला नाही. म्हणाले, नोंद घेतली, धन्यवाद. सतीश हसत होता. म्हणाला, "बाबा, पुढच्या वर्षी काय विचारणार?" म्हटलं, हेच.

यंदा आषाढात एक दिवस फोन आला. त्या बाई. "तातगारू, पाटी काढली. वरचा साहेब बदलला. ढीग लागलाय, गेटवरून दिसतो."

"फोडता का?"

त्या म्हणाल्या, "अजून नाही."

"मग नुसता ढीग आहे तो. शनिवारी फोडा. ज्यानं केलं त्याच्या हातानं."

त्याच आठवड्यात कंपनीनं जाहीर केलं, की बराच माल नापास केला म्हणून तोटा झाला. भाव आणखी पडला. मी ज्या भावाला विकले त्याच्या निम्म्यावर आला. सतीशचा फोन आला, आवाजात आनंद. "बाबा, वाचलात! बरं झालं विकले."

मी विचारलं, "आता एकाला किती पडतात?"

तो घाईनं म्हणाला, "बाबा, तुम्ही असं काही करणार नाही."

मी काही करणार आहे असं म्हणालो नाही. रेघ वर जाईल का खाली, मला माहीत नाही. पण सगळे ज्याला तोटा म्हणतायत तो ढीग आहे, आणि ढीग बाहेर आला म्हणजे कुणीतरी आत वाकून बघायला लागलंय, एवढं मला माहीत आहे. घर आता झालेलं आहे, ते जात नाही. औषधपाण्याचं बाजूला काढून माझे म्हणून थोडे उरलेत. फोनवर मात्र ढीग बघता येत नाही. तो डोळ्यांनी बघावा लागतो, आणि फोडतात का तेही. म्हणून या शनिवारी जाणार आहे. करीमभाईही येतो म्हणालाय, त्याला कोअर बघायचेत. बाईंकरवी गार्डला सांगून ठेवलंय, दोन कुर्स्या लागतील.

किल्ली खिशात घातली आहे, नव्या घराची. वत्सलाला सांगितलं. ती बाल्कनीत बसून मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"बघून या. घेऊन येऊ नका."